हप्ता तोच, पगार वाढला, तरी बचत का होत नाही?

प्रश्न

घर घेऊन दोन वर्षं झाली. आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगी चार वर्षांची आहे. खरे आकडे देत नाही, पण हिशोब नीट कळावा म्हणून दोघांचा मिळून हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरते आणि बाकी सगळं त्याच मापात सांगते.

गृहकर्जाचा हप्ता ३८. घरखर्च ३६, यात किराणा, बिलं, रोजचा प्रवास, मुलीचं पाळणाघर सगळं आलं. सासू-सासऱ्यांना दरमहा ६. लांबच्या मुदतीची बचत ८, ती पगाराच्या दिवशीच आपोआप कापली जाते. बेरीज ८८ होते. म्हणजे महिन्याला १२ उरायला हवेत. वहीत ते दरमहा उरलेले दिसतात, खात्यात कधीच दिसत नाहीत. वर्षातून दोनतीनदा क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरता येत नाही आणि बाकी पुढच्या महिन्यावर जाते.

कर्ज २० वर्षांचं, घेतलं तेव्हा दर ८.५ टक्के होता, फ्लोटिंग, म्हणजे मध्ये वरखाली होणारा. मध्ये दर वाढल्याचं ऐकलं, पण आमचा हप्ता बदललेला नाही, त्यामुळे त्याची झळ आम्हाला लागली नाही.

मतभेद वेगळ्याच गोष्टीवरून आहे. नवऱ्याला वर्षातून एकदा बोनस मिळतो, आमच्या मापात साधारण ६०. त्याचं म्हणणं, तो सगळा कर्जात भरायचा, शिवाय महिन्याची ८ची बचतही थांबवून तीही कर्जातच घालायची. "डोक्यावर कर्ज असताना बचत कसली?" असं तो विचारतो. मला वाटतं, मुलीचं शिक्षण आणि आमचं म्हातारपण यांसाठी आत्ताच सुरुवात केली नाही तर पुढे जमणार नाही. अडीअडचणीसाठी वेगळी काढलेली रक्कम आमच्याकडे सध्या जेमतेम १००, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकी.

दोघंही उधळे नाही. तरीही दर महिन्याच्या शेवटी किराण्याच्या यादीवरून बोलाचाली होते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कुणी अशातून वाट काढली असेल तर सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

सगळ्यात आधी कार्ड. प्रीपेमेंट (कर्ज मुदतीआधी फेडणं) की बचत, हा वाद त्यानंतर. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला ३ टक्के लागत असतील तर चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. ८.५ टक्क्यांचं कर्ज लवकर फेडायचं आणि तिकडे ४२ टक्क्यांची बाकी ठेवायची, याला काही अर्थ नाही. बिलावर छापलेली किमान रक्कम भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. बाकी एकदा शून्यावर आणा. त्यानंतर पूर्ण बिल भरण्याइतके पैसे खात्यात असतील तेवढंच कार्ड वापरा.

प्रतिसाद २

मी गृहकर्जाच्या विभागात बरीच वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण अशी कुटुंबं माझ्या टेबलासमोर नेहमी बसायची. कमावती, काटकसरी, आणि तरीही हैराण.

वरच्या प्रतिसादातलं कार्डाचं म्हणणं बरोबर आहे, ते आधी करा. पण बाकी का राहते ते शोधलं नाही तर सहा महिन्यांनी ती पुन्हा उभी राहील. तुमचे ते १२ जातात कुठे, हा माझ्या मते या सगळ्यातला मुख्य प्रश्न आहे. तुम्ही महिन्याचे खर्च लिहिलेत. वर्षाचे लिहिले नाहीत. विम्याचे हप्ते, शाळाप्रवेशाचं शुल्क, गाडीची दुरुस्ती, घराचा कर आणि देखभाल, दातांचा डॉक्टर, आईवडिलांकडे जाण्यायेण्याचा प्रवास, बंद पडलेलं यंत्र. यातला प्रत्येक खर्च "अचानक आला" असं आपण म्हणतो, पण यातले बहुतेक दरवर्षी येतातच. गेल्या बारा महिन्यांचं बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट घेऊन बसा. दरमहा न येणारा प्रत्येक खर्च वेगळ्या कागदावर उतरवा, बेरीज करा आणि १२ने भागा. येणारा आकडा तुमच्या १२च्या अगदी जवळ असेल, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर तुमच्याकडे शिल्लक नाहीच, आणि ती आहे असं धरून तुम्ही दोघं ती कुठे घालायची यावर भांडताय. घरातली भांडणं किराण्यावरून होतात. पैसा मात्र वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांत जातो. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की अगदी ठामपणे सांगतो.

या खर्चांसाठी वेगळं खातं उघडा. पगाराच्या दिवशी बचतीसारखीच तेवढी रक्कम तिकडे वळती करा. त्या खात्याला बचत म्हणू नका. तो खर्चच आहे, फक्त अजून झालेला नाही.

आता कर्ज. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून मला काळजी वाटली: हप्ता बदलला नाही म्हणून झळ लागली नाही. फ्लोटिंग दर वाढला की बहुतेक ठिकाणी हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली जाते. ग्राहकाला त्या महिन्यात काहीच जाणवत नाही. गणित बघा. ८.५ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज असेल तर मुद्दलाच्या दर १०० मागे हप्ता ०.८६८ येतो. पहिल्या हप्त्यातले जवळपास ८२ टक्के व्याज असतं, मुद्दलाला जेमतेम १८ टक्के मिळतात. म्हणजे कर्जाच्या सुरुवातीला मुद्दलाकडे जाणारा भाग अगदी चिंचोळा असतो, आणि दर वाढला की नेमका तोच खाल्ला जातो. सुरुवातीलाच दर ९.५ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २० वर्षांचं कर्ज साडेपंचवीस वर्षांच्या पुढे जातं. दर १०.५ झाला तर तो हप्ता व्याजालाही पुरत नाही, मुद्दल फिटायच्या ऐवजी वाढायला लागतं.

म्हणून उद्याच दोन गोष्टी मागून घ्या: आजचा दर, आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या. दर बदललाच नसता तर दोन वर्षांनंतर तुमचे २१६ हप्ते उरायला हवे होते. त्यापेक्षा जास्त असतील तर मुदत वाढलेली आहे. अशा वेळी बोनसचा विचार करण्याआधी हप्ता थोडा वाढवून घ्या. एकरकमी भरण्यापेक्षा हे सोसायला सोपं जातं, कारण दर महिन्याला थोडंच जास्त द्यायचं असतं.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. लवकर भरलेला पैसा खरंच मोठं काम करतो. तुमचा एक बोनस मूळ ८.५च्या दराने आत्ता भरला असता तर सात हप्ते कमी झाले असते. तोच पंधराव्या वर्षी भरला तर कमी होतात साधारण अडीच. पण यावरून लोक एक चुकीचा निष्कर्ष काढतात. दोन्ही वेळी त्या पैशावर मिळालेला परतावा एकच आहे, तुमच्या कर्जाचा दर. लवकर भरलं तर तो जास्त वर्षं मिळतो, इतकंच. तेव्हा दोघांनी मिळून प्रश्न असा घालायचा: कर भरून झाल्यावर आमच्या बचतीवर कर्जाच्या दरापेक्षा जास्त मिळेल, याची खात्री किती? ठेवीसारख्या सुरक्षित जागी सहसा मिळत नाही. शेअरबाजाराशी जोडलेल्या गुंतवणुकीत लांबच्या मुदतीत मिळू शकतं, पण हमी कुणी देत नाही. कर्ज फेडून वाचणारं व्याज मात्र नक्की असतं.

असं असूनही ८ची बचत थांबवू नका असंच मी सांगेन, आणि त्याचं कारण तुमची मुलगी. आज ती चारची आहे. अठराची होईल चौदा वर्षांनी. ठरल्या मुदतीत कर्ज संपलं तर तेव्हा ती बावीसची असेल. म्हणजे शिक्षणाचा मोठा खर्च येईल तेव्हा हप्ता चालूच असणार. घरात भरलेला पैसा त्या वेळी शुल्क भरायला काढता येत नाही. काढायचा तर पुन्हा कर्ज घ्यावं लागतं. शिवाय वेळ हातातून गेला की तो पुढे भरून काढणं फार जड जातं. ८.५ टक्क्यांनी दरमहा ठरावीक रक्कम २० वर्षं टाकली आणि कुणी पहिली दहा वर्षं काहीच न टाकता पुढची दहा वर्षं त्याच्या दुप्पट टाकली, तर एकूण भरलेले पैसे सारखेच असतात. हाती येणारी रक्कम मात्र दुसऱ्याला पहिल्याच्या ६० टक्केच मिळते.

यजमान म्हणतील, कर्ज लवकर संपलं की अख्खा हप्ता बचतीत वळवू. कागदावर बरोबर आहे. पण हप्ता सुटल्यावर तितकीच रक्कम दरमहा बाजूला टाकणारी घरं मला फार थोडी भेटली.

मग कर्ज कमी कसं करायचं? पगारवाढीतून. दरवर्षी हप्ता ५ टक्क्यांनी वाढवत नेला आणि दर ८.५च राहिला, तर २० वर्षांचं कर्ज सुमारे १२ वर्षांत संपतं. वाढलेला पगार हातात खेळायच्या आत त्यातला वाटा कापला गेला की घरखर्चाला तोशीस पडत नाही. आधीचा खर्च चालूच राहतो, फक्त नवा तितका वाढत नाही.

आणखी एक गोष्ट, कुणी विचारत नाही म्हणून. तुम्हा दोघांच्या नावावर कर्जाच्या बाकीइतका तरी निव्वळ आयुर्विमा, म्हणजे बचत न जोडलेला विमा, आहे का? ३८चा हप्ता दोन पगारांवर उभा आहे. नसेल तर हा खर्च वरच्या सगळ्याच्या आधी घ्या.

प्रतिसाद ३

काकांनी गणित सांगितलं, मी बहिणीच्या घरी काय झालं ते सांगते. तिने आणि मेहुण्यांनी पहिली पाच वर्षं हाताला लागेल ते सगळं कर्जात भरलं. बोनस, भेटीचे पैसे, जुनी ठेव मोडून आलेली रक्कम, सगळं. मुद्दल खूप खाली आलं होतं आणि दोघांना त्याचा अभिमान होता. मग मेहुण्यांची नोकरी गेली. नवी मिळायला वर्षाच्या आसपास लागलं. त्या काळात बँकेला "आम्ही इतकं आगाऊ भरलंय, आता सहा महिने थांबा" असं सांगून उपयोग झाला नाही. पुढचा हप्ता ठरल्या तारखेला हवाच होता. जवळ रोख काहीच नव्हतं, म्हणून चढ्या व्याजाचं वैयक्तिक कर्ज घेऊन गृहकर्जाचे हप्ते भरले. मी त्या दिवसांत तिच्याबरोबर होते, आणि ती रात्र रात्र झोपायची नाही.

तुमच्याकडे राखीव फक्त १०० आहेत. हप्ता, घरखर्च आणि सासू-सासरे मिळून न टाळता येणारा खर्च महिन्याला ८० होतो. म्हणजे एक पगार थांबला तर काही महिने तग धराल. दोन्ही थांबले तर पाच आठवड्यांत सगळं संपेल. निदान तीन महिन्यांचे, म्हणजे २४०, जमेपर्यंत बोनसमधली एक दमडीही कर्जात घालू नका. पुढे सावकाश सहा महिन्यांचं करा. काही ठिकाणी कर्जाला जोडलेलं असं खातं मिळतं की त्यात ठेवलेल्या शिल्लकेवर तेवढं व्याज कमी लागतं आणि पैसे हवे तेव्हा काढताही येतात. तुमच्या कर्जाला तशी सोय आहे का ते विचारा. असेल तर राखीव रक्कम तिथेच ठेवता येईल, आणि तुमच्या नवऱ्याचं आणि तुमचं, दोघांचं समाधान होईल.

किराण्यावरून होणाऱ्या भांडणाबद्दल एक सांगू का? आमच्या घरी घरखर्चाचं खातं वेगळं आहे. दोघांच्या पगारातून पगाराच्या प्रमाणात त्यात पैसे जातात. याशिवाय प्रत्येकाला थोडी रक्कम अशी, की तिचा हिशोब दुसऱ्याने विचारायचा नाही. ती रक्कम लहानच आहे, पण तिच्यामुळे घरात मोकळा श्वास घेता येतो.

प्रश्नकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलगी झोपल्यावर दोघं कागद घेऊन बसलो.

वर्षातून कधीतरी येणाऱ्या खर्चांची बेरीज निघाली १३८. बाराने भागल्यावर साडेअकरा. काका, तुमचा अंदाज अगदी जवळ होता. तो कागद नवऱ्याने बराच वेळ हातात धरून ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे आपण दोघंही काही उडवत नव्हतो." हे ऐकून मला केवढं बरं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

कर्जाचंही पाहिलं. आजचा दर ९.२५ आहे आणि उरलेले हप्ते २४८. असायला हवे होते २१६! म्हणजे दोन वर्षं नियमित भरूनही मूळ मुदतीपेक्षाही जास्त हप्ते शिल्लक. कळवलंही होतं, बऱ्याच इतर संदेशांमध्ये दर बदलल्याचा एक ईमेल सापडला. या हिशोबाने मुलगी पंचविशीला येईपर्यंत हप्ता चालू राहणार होता. पुन्हा २१६वर यायचं तर हप्ता किती करावा लागेल ते विचारलं, तर सुमारे सव्वापाच टक्के वाढ, म्हणजे ३८चे ४०. बत्तीस हप्त्यांचा फरक आणि त्यासाठी महिन्याला फक्त २. बोनस कुठे घालायचा यावर इतके महिने बोललो, आणि हे कुणी बघितलंच नव्हतं.

आता असं ठरवलंय. हप्ता ४०. वर्षाच्या खर्चांच्या खात्यात साडेअकरा. सासू-सासऱ्यांचे ६ तसेच, त्यावर चर्चा नको हे दोघांनाही मान्य आहे. बचत ८, तशीच. घरखर्चाला उरतात साडेचौतीस, म्हणजे आत्तापेक्षा दीड कमी. दोन वर्गण्या वापरात नव्हत्या आणि बाहेरून मागवणं जरा वाढलं होतं, तिथून दीड निघेल. किराण्याच्या यादीला हात लावलेला नाही. प्रत्येकाची बिनहिशोबी रक्कम याच साडेचौतीसमध्ये बसवायची आहे. जड जाईल, पण ती मला हवीच आहे.

कार्डाची बाकी सध्या ७ आहे, ती येत्या बोनसमधून आधी मिटवणार. उरलेला बोनस आणि पुढच्या वर्षीचा पूर्ण राखीव रकमेत. नवऱ्याला हे एकदम पटलं नाही. तुमच्या बहिणीची गोष्ट वाचून दाखवल्यावर तो काही बोलला नाही, फक्त त्या ओळीखाली सही केली. २४० झाले की त्यापुढचे बोनस कर्जात, हे त्याचं म्हणणं मीही मान्य केलंय. पगारवाढ होईल तेव्हा निम्मी घरखर्चाला आणि उरलेली हप्ता आणि बचत यांत वाटून घ्यायची.

विमा त्याच्या नावावर आहे, माझ्या नावावर नाही. तो याच आठवड्यात काढतेय. त्याचा वर्षाचा हप्ता धरला तर साडेअकराचे बारा होतील, ते अर्धं कुठून काढायचं ते बघावं लागेल.

काकांना एक विचारायचं होतं. हप्ता वाढवायला फक्त फोन केला तर चालतं का?

प्रतिसाद २

फोनवर नको. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्जात दोन गोष्टी स्पष्ट लिहा: हप्ता इतका करा आणि उरलेली मुदत २१६ महिने करा. दुसरी गोष्ट लिहिली नाही तर घोळ होतो. पुढे कधी एकरकमी भराल तेव्हाही "हप्ता तोच, मुदत कमी" असं लिहूनच द्या. काही ठिकाणी न सांगितल्यास मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करतात, आणि मग व्याज फारसं वाचत नाही. मुदतीआधी भरण्यावर शुल्क आहे का तेही त्याच वेळी विचारून घ्या. स्थिर दराच्या कर्जावर ते असण्याची शक्यता जास्त.

बदल झाला की नवा परतफेडीचा तक्ता मागवा आणि शेवटच्या ओळीतला महिना-वर्ष स्वतः वाचा. इथून पुढे दर बदलल्याचा प्रत्येक संदेश आला की तीच शेवटची ओळ पुन्हा पाहायची. तुमच्या नावाच्या विम्याचा अर्ज करताना आजारपणं लपवू नका, जे आहे ते सगळं लिहा.